पॉलिहाऊसमधली शेवंती : दिवे किती वाजता लावायचे, कधी बंद करायचे?

शेवंतीला रात्री दिवे लावलेले पाहून बऱ्याच जणांना वाटतं, उजेड दिला की फूल लवकर येतं. खरं तर उलट आहे. दिवे लावतात ते फूल थांबवायला आणि झाड वाढवायला.

कारण काय?
शेवंती रात्रीची लांबी ओळखते. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान झाला की ती कळी धरते. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, आणि डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. त्यामुळे थंडीत लावलेलं रोप वीतभर असतानाच कळी धरतं. दांडा आखूड राहिला की बाजारात भाव पडतो.

वेळापत्रक
- लागवडीपासून साधारण ४ आठवडे, दांडा ३० ते ४० सेंमी होईपर्यंत, रोज रात्री १० ते २ दिवे लावावेत. मोठी रात्र मधोमध तुटली पाहिजे. संध्याकाळी तासभर दिवे लावून भागत नाही, कारण पुढे अंधार लांबच राहतो.
- त्यानंतर दिवे पूर्ण बंद. जातीप्रमाणे पुढे बहुतेक ८ ते ११ आठवड्यांत फूल काढणीला येतं.
- उन्हाळ्यात दिवस मोठा असतो. तेव्हा दिवे बंद केल्यावर संध्याकाळी ५ ते सकाळी ७ काळं कापड ओढावं. आत उष्णता कोंडली तर फूल लांबतं, म्हणून अंधार पडल्यावर कापड थोडं उघडून सकाळी उजाडायच्या आत परत ओढावं.

सणाचा हिशेब उलटा करा
दसऱ्याला फूल हवं आणि जात ८ आठवड्यांची असेल, तर दिवे ५६ दिवस आधी बंद झाले पाहिजेत. त्याआधी ४ आठवडे दिव्यांचे. म्हणजे लागवड १२ आठवडे आधी.

दिवे आणि वीजबिल
झाडाच्या शेंड्यावर ७० ते १०० लक्स उजेड पुरतो. मोबाईलवरच्या लक्स मीटर ॲपने अंदाज येतो. मोजताना दोन दिव्यांच्या मधली जागा आणि कोपरे बघा, कळी आधी तिथंच धरते. पिवळसर प्रकाशाचे एलईडी चालतात.

१० गुंठ्यांत १० फुटांवर एक धरला तर ९ वॅटचे सुमारे ११० दिवे लागतात. चार तासांना रोज ४ युनिट, २८ रात्रींना ११२ युनिट. टायमर लावून १० मिनिटं चालू, २० मिनिटं बंद असं केलं तर हाच खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मात्र उजेड कमी पडत असेल तर हा प्रकार करू नये.

इथं घोटाळा होतो
- लाइट जाते. एका रात्रीनं फार बिघडत नाही, पण ओळीनं काही रात्री दिवे लागले नाहीत तर कळी धरते आणि पुढे झाड वेडंवाकडं फुटतं. इन्व्हर्टरची सोय आधी करा.
- लाइट गेली की साध्या टायमरचं घड्याळ मागं पडतं. बॅटरीवर चालणारा घ्या, आणि आठवड्यातून एकदा रात्री स्वतः जाऊन बघा.
- कळी धरायच्या काळात रस्त्याचा किंवा गोठ्याचा दिवा आत पडला तर तेवढ्या पट्ट्यात फूल लांबतं.
- आत ओल असते. अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच हवाच.

गुलाबाला मात्र हा हिशेब लागू नाही; त्याची कळी रात्रीच्या लांबीवर अवलंबून नसते. रोपं घेताना नर्सरीवाल्याला आधी एकच विचारा, जात किती आठवड्यांची? पुढचं सगळं वेळापत्रक त्यावरच बसतं.