नाणेघाट ते अहुपे: घाटमाथ्यावरचा चार दिवसांचा ट्रेक आखायचा कसा?

कल्याणहून माळशेजकडे जाताना टोकावडे मागे पडलं की उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत दिसू लागते. त्यात अंगठ्यासारखा वर आलेला एक कडा लगेच ओळखू येतो. तो नानाचा अंगठा. त्याच्या दक्षिणेला ओळीने जीवधन, ढाकोबा, दुर्ग आणि मग अहुपे. भिंतीच्या पायथ्याला ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका, माथ्यावर पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव.

या भिंतीच्या काठाने चालत जाणं हा अनुभवी ट्रेकर्सचा आवडता बेत आहे. नकाशावर नाणेघाट ते अहुपे हे अंतर सरळ रेषेत वीस किलोमीटरही भरत नाही. मग चार दिवस कशाला? अनेकांचा हिशोब इथेच चुकतो. या वाटेवर किलोमीटर मोजून उपयोग नाही. मोजायच्या गोष्टी दोनच: पुढचं पाणी कुठे आहे, आणि काही बिनसलं तर खाली उतरायची वाट कोणती.

जायचं कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात. पावसाळ्यात हे कडे देखणे दिसतात खरे, पण धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही आणि कातळ शेवाळलेला असतो. शिवाय पावसाळ्यात मुरबाड, शहापूरमधल्या धबधब्यांवर जिल्हा प्रशासन अनेकदा बंदी घालतं, त्यामुळे निघण्याआधी चौकशी हवीच. ऑक्टोबरमध्ये गवत इतकं वाढलेलं असतं की पायवाट त्यात गडप होते. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात आणि वाळलेल्या गवताला वणवे लागायला लागतात.

पाण्याचं तर या भागात जुनंच दुखणं आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. दोन-अडीच हजार मिलिमीटर पडला तरी पाऊस या उतारांवर थांबत नाही. माथ्यावरही तेच.

चार दिवसांचा बेत

पहिला दिवस सोपा ठेवावा. कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने वैशाखरे गाठायचं आणि तिथून साधारण तीन तासांत नाणेघाट चढायचा. जुन्नर आणि कल्याण-सोपारा बंदरांना जोडणारी ही सातवाहनांची व्यापारी वाट. वरच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दानाचे आकडे खोदलेले असल्यामुळे भारतीय अंकांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांसाठी तो मोलाचा ठरतो. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. गुहेजवळच्या टाक्यांमुळे मुक्कामाला अडचण येत नाही, मात्र पाणी उकळून किंवा गाळून, क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावं. लेखाच्या भिंतीला सॅक टेकवू नये, तिच्याजवळ चूल तर अजिबात नाही.

दुसरा दिवस जीवधनचा. नाणेघाटाकडून कल्याण दरवाजाने चढणारी वाट अवघड आहे. इंग्रजांनी 1818 मध्ये इथल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे मधला कातळटप्पा हातापायांनी चढावा लागतो. पाठीवर दहा-बारा किलोची सॅक घेऊन तो चढण्याच्या फंदात पडू नये. दोराने आधी माणसं चढवायची, मग सॅक ओढून घ्यायच्या. दोर किंवा तो बांधता येणारा माणूस सोबत नसेल, तर घाटघर गावाकडून जुन्नर दरवाजाने जावं. गडावरून वानरलिंगी सुळका बघून झाला की घाटघरला उतरून पठारावरून आंबोलीकडे निघायचं. (ही जुन्नरची आंबोली, सिंधुदुर्गातली नव्हे.)

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. आंबोलीहून ढाकोबा, तिथून दुर्ग आणि दुर्गवाडी. ढाकोबाचा माथा चार हजार फुटांच्या वर आहे आणि त्याचा कडा थेट कोकणात कोसळतो. ढाकोबा ते दुर्ग हा टप्पा दाट रानातला. इथे चकवतात त्या ढोरवाटा. गुरांच्या पायांनी मळलेल्या या वाटा मुख्य वाटेपेक्षाही ठसठशीत दिसतात आणि मध्येच कारवीत किंवा कड्याच्या तोंडाशी संपतात. मोबाइलवरचा जीपीएस ट्रॅक तुम्ही कुठे आहात ते सांगेल, पण समोर घसारा आहे की पाऊल ठेवण्याजोगी जागा, ते सांगणार नाही. त्यामुळे या दिवसापुरता आंबोलीतला वाटाड्या घ्यावाच. त्यावर वाचवलेले पैसे सगळ्यात महाग पडू शकतात. या दिवशी पाण्याचा भरवसा धरू नये. माणशी किमान चार लिटर गावातूनच भरून निघावं. म्हणजे सॅकमध्ये चार किलो वाढले, आणि तेवढं ओझं आधीच दुसरीकडून कमी करायला हवं. जादा कपडे, काचेच्या बाटल्या, दुसरी पॉवर बँक घरीच बरी.

चौथ्या दिवशी दुर्गवाडीहून अहुपे. अहुपेच्या परिसरात भीमाशंकर अभयारण्याचं जंगल आहे. 1985 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य शेकरूसाठी ओळखलं जातं. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. जंगलात तंबू टाकायचा बेत असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी, नाहीतर गावात कुणाच्या तरी पडवीत सोय विचारावी. इथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भातशेती आणि हिरडा गोळा करणं यावर गावाचं वर्ष चालतं. सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलं मिळतं, पण आयत्या वेळी आठ जणांचं जेवण मागणं बरं नव्हे.

मध्येच उतरायचं झालं तर?

पहिल्या दोन दिवसांत नाणेघाट आहेच, आणि घाटघरहून जुन्नरला गाडीरस्ताही आहे. तिसऱ्या दिवसाच्या सुरुवातीला आंबोलीजवळून दाऱ्या घाट मुरबाडमधल्या पळू गावाकडे उतरतो. तो खडा आणि दगडगोट्यांचा आहे, गुडघा दुखावलेल्या माणसाला तिथून नेऊ नये. अशा वेळी आंबोलीहून जुन्नरची गाडी बघावी. ढाकोबा सोडल्यावर मात्र दुर्गवाडी येईपर्यंत जवळपास काहीच नाही. म्हणून नियम असा ठेवावा: दुपारी एकपर्यंत ढाकोबा मागे पडला नसेल, तर आंबोलीला परत फिरायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रानात अंधार त्याआधीच होतो.

गटात चारपेक्षा कमी माणसं नसावीत. एक जखमी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मदत आणायला जायचं. रोजचा मुक्काम आणि परतीची वेळ घरी लिहून द्यावी. रेंज मिळाली तर 112 आहे. डोंगरातल्या शोध-बचावासाठी गिर्यारोहकांच्या संघटनांनी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभं केलं आहे. त्याचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधीच सेव्ह करावा.

धोका सापांचा जास्त वाटतो, पण कड्यांवरची आग्या मोहोळं विसरू नयेत. अत्तर, डिओ आणि धूर, तिन्ही टाळावेत. आणि रोख पैसे ठेवावेत. पळूजवळचं धसई 2016 मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं, पण माथ्यावर यूपीआयला नेटवर्क लागतं.

अहुपे घाट उतरायला तीन तास पुरतात. खाली खोपिवली, आणि जवळच देहरी. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात आणि तोही करून टाकू असा मोह होतो. गोरखगडाच्या शेवटच्या कोरीव पायऱ्या उघड्या कड्यावर आहेत. चार दिवसांच्या थकलेल्या पायांनी त्या चढायच्या असतील तर देहरीत एक रात्र थांबून सकाळी, सॅक खालीच ठेवून. नाहीतर म्हसामार्गे मुरबाडची एसटी गाठावी. तिची शेवटची वेळ मात्र निघण्याआधीच मुरबाडच्या स्थानकात विचारून ठेवावी.