जलजीवालयातील वनस्पती

घरातील काचपेटीत माशांच्या सोबतीने किंवा स्वतंत्रपणे वाढविल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील वनस्पती. शोभा हा त्यांचा दुय्यम उपयोग होय. प्रकाश मिळत असताना त्या पाण्यात ऑक्सिजन सोडतात, माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणारा अमोनिया शोषून घेतात आणि पिलांना आसरा देतात. सातारा व सांगली या लगतच्या जिल्ह्यांत या विषयाला विशेष अर्थ आहे. कृष्णेच्या खोऱ्यात पेटीत सहज रुजणाऱ्या वनस्पती सर्वत्र आढळतात; याउलट सह्याद्रीच्या माथ्यावरील डबक्यांत काही जलवनस्पती अशा आहेत की, त्यांना पेटीत आणणे म्हणजे त्यांचा नाश ओढवून घेणे होय.

ऐतिहासिक : मासे भांड्यात पाळण्याची प्रथा चीनमध्ये फार जुनी आहे, तथापि त्या भांड्यांतील पाणी वारंवार बदलावे लागे. त्यामागील कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडू लागले. ज्वलनाने बिघडलेली हवा वनस्पतीमुळे पुन्हा सुधारते, असे जोसेफ प्रीस्टली यांना १७७१ मध्ये आढळून आले. तर वनस्पतीचे केवळ हिरवे भाग आणि तेही सूर्यप्रकाशातच हे कार्य करतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखविले. पाण्यात बुडालेल्या पानांवर प्रकाशात जमणारे बुडबुडे हा त्यांच्या निरीक्षणाचा एक आधार होता.

या ज्ञानाचा काचपेटीत पद्धतशीर उपयोग रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी केला. १८४९ मध्ये त्यांनी सोनेरी मासे व व्हॅलिसनेरिया ही वनस्पती एकाच भांड्यात ठेवली. कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागल्यावर त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या आणि पाणी पुन्हा निवळले. मासा, वनस्पती आणि सडका अंश खाणारा जीव अशा तिहेरी समतोलाची ही कल्पना त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक जलजीवालय उघडले आणि पुढील वर्षी फिलिप गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. त्यानंतर हा छंद मध्यमवर्गात झपाट्याने पसरला.

महाराष्ट्रात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी चौकट व लुकण यांच्या जागी सिलिकोनने जोडलेल्या काचा आल्या, तसेच विजेच्या दिव्यांमुळे खिडकीच्या उजेडावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. जपानचे ताकाशी अमानो यांची, वनस्पतींनाच प्राधान्य देणारी मांडणी १९९० नंतर जगभर पोचली. या पेट्यांत कार्बन डाय-ऑक्साइड वायू मुद्दाम सोडला जातो.

स्थानिक जलस्वरूप : महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा वाईवरून कराडला येते, तेथे तिला कोयना मिळते, तर सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते. महाबळेश्वरला वार्षिक पर्जन्य ५,००० मिमी.हून अधिक असते, तर जत-आटपाडी हा सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. पठारावरच्या डबक्यांत जवळजवळ निव्वळ पावसाचे, अत्यल्प क्षारांचे पाणी असते. खाली बेसाल्ट व काळ्या मातीच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते.

हा फरक वनस्पतींच्या निवडीत निर्णायक ठरतो. जड पाण्यात मुक्त कार्बन डाय-ऑक्साइड कमी असला, तरी बायकार्बोनेट भरपूर असते. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला व सेराटोफायलम या वनस्पती बायकार्बोनेटातील कार्बन वापरू शकतात. म्हणून विहिरीच्या पाण्यातही, वायूच्या नळकांड्यावाचून, त्या जोमाने वाढतात. व्हॅलिसनेरियाची पाने फितीसारखी लांब असून तिचा प्रसार धावत्या खोडांनी होतो. हायड्रिलाच्या खोडाचा तुकडाही रुजतो, तर सेराटोफायलमला मुळेच नसल्याने ते नुसते तरंगत ठेवता येते.

वायतुरा : सातारा शहराच्या पश्चिमेस सु. २५ किमी. वर कास पठार आहे. जांभ्याच्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असून पावसाळ्यात खोलगट भागांत पाणी साठते. येथील ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस या जातीचे वर्णन सुंदरराघवन, कुलकर्णी व यादव यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्या नावातच साताऱ्याचा निर्देश आहे. भारतातील नेहमीच्या ॲपोनोजेटॉन जातींचे कणिश एकेरी असते. हिचे दुभागलेले असून ते इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसते, म्हणून तिला वायतुरा हे नाव पडले. पावसाळा सरून डबकी आटली की, पाने नाहीशी होतात आणि जमिनीतील कंद पुढच्या पावसापर्यंत सुप्त राहतो.

ॲपोनोजेटॉन प्रजातीच्या काही परदेशी जातींचे कंद जलजीवालयाच्या व्यापारात विकले जातात. त्यामुळे वायतुराही पेटीत लावावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि घरातील पेटी बारमाही भरलेली व उबदार असते, वायतुऱ्याचे जीवनचक्र मात्र कोरड्या विश्रांतीवर आधारलेले आहे. अशी विश्रांती न मिळाल्यास कंद क्षीण होतो. शिवाय जातीचे क्षेत्र मर्यादित असल्याने उपटलेल्या प्रत्येक कंदाची हानी भरून येणे कठीण असते. पश्चिम घाटाच्या ज्या भागांचा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत कास पठार, कोयना व चांदोली यांचा अंतर्भाव आहे. तेथून परवानगीशिवाय वनस्पती आणणे बेकायदेशीर ठरते.

उलट दिशेचा धोका : पेटीतील वनस्पती नदीत सोडणे हेही तितकेच घातक ठरते. आपल्याकडे सामान्य असलेली हायड्रिला १९५० नंतरच्या दशकात जलजीवालयासाठी अमेरिकेतील फ्लॉरिडात नेण्यात आली आणि तेथील जलमार्ग तिने व्यापले. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीचा उपद्रव पंचगंगेच्या काठी सर्वपरिचित आहे, तर कॅबोंबा ही पेटीतील लोकप्रिय वनस्पती केरळच्या जलाशयांत पसरली आहे. म्हणून छाटलेल्या फांद्या ओढ्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून खतात मिसळणे इष्ट असते.

निगा : ६० × ३० × ३० सेंमी. मापाच्या पेटीत सु. ५४ लिटर पाणी मावते. तळाशी धुतलेली जाड वाळू घालतात. रोज ८ ते १० तास प्रकाश पुरेसा असतो. त्याहून अधिक दिल्यास शैवल माजते. उन्हाळ्यात विशेष दक्षता आवश्यक असते, कारण २०° से. ला लिटरभर पाण्यात सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, तर ३०° से. ला तो सु. ७·५ मिग्रॅ. एवढाच राहतो. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे दाट वनस्पती व पुष्कळ मासे असलेल्या पेटीत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. अशा वेळी माशांची संख्या कमी करणे व हवेचा पंप रात्री चालू ठेवणे हा उपाय होय.

या दोन जिल्ह्यांतील हौशी व्यक्तीला समृद्ध पेटी उभारण्यास खोऱ्यातील सामान्य वनस्पती पुरेशा आहेत. वायतुरा मात्र पावसाळ्यात पठारावर जाऊन, त्याच्या स्वतःच्या डबक्यातच पाहावा.