आता पडदा गाणं ऐकतो

गेल्या काही वर्षांत भडगाव-पाचोरा पट्ट्यात कव्वालीचा मुकाबला असो की लग्नाचा बँड, मंचामागे एलईडीची भिंत दिसू लागली आहे. ढोलकीवर थाप पडली की तिच्यावर वर्तुळं फुगतात, आलाप लांबला की रेषा लांबतात. जाणती मंडळी याला नवा थिल्लरपणा म्हणतात. थिल्लर असेलही, नवा मात्र नाही.

१८९२च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे कंदील, पुढे पडदा. एकाच पात्राच्या निरनिराळ्या हालचालींच्या काचा भराभर बदलल्या की आकृती हलल्याचा भास व्हायचा. रामायण-महाभारतातले प्रसंग, सर्कस, आणि सोबत निवेदन, संवाद, गाणं, सगळं समोरासमोर. लुमिएर बंधूंची चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. त्याच्या आधीच आपल्याकडे लोक गाण्यासोबत हलती चित्रं पाहत होते. काच बदलणाऱ्याचा कान अर्थातच गाण्याकडे असावा लागे.

मूकपटात हे उलटं झालं. पडद्याजवळ बसलेले पेटी-तबलावाले चित्राकडे पाहून वाजवत. चित्र मालक, वादक चाकर. मग १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. त्यात फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान यांनी पहिलं फिल्मी गाणं गायलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण बोलपट आले आणि थिएटरातल्या त्या पेटी-तबलावाल्यांची रोजी गेली, हे सहसा सांगत नाही.

संगणकानं हुकूम पुन्हा गाण्याच्या हाती दिला. माइकमधला आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो. त्या आकड्यांतून खर्ज किती, तार किती हे वेगळं काढायचं गणित फ्रेंच गणिती फूरिएचं. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी ते संगणकाला झटपट जमेल अशा रीतीनं मांडलं. मग खर्जाला वर्तुळ जोडा, तारेला ठिणग्या. १९७०च्या दशकात अटारी कंपनीनं टीव्हीला आणि स्टिरिओला जोडायची अशी पेटीच विकायला काढली होती. तिच्यात संगणक नव्हता, नुसतं सर्किट, आणि ती फारशी खपलीही नाही. २००१ साली विनॅम्पवर ‘मिल्कड्रॉप’ आलं. सायबर कॅफेत पैसे तासाचे, आणि आम्ही गाणं सोडून ते रंगच बघत बसायचो!

पण सॉफ्टवेअरला आवाज कळतो, अर्थ नाही. कव्वाल एकच मिसरा फिरवत फिरवत आवाज खाली आणतो, मैफल श्वास रोखते, आणि नेमकं तेव्हाच भिंतीवरचं वर्तुळ मरगळतं. चांगला चालवणारा अशा वेळी लॅपटॉपवर भरवसा ठेवत नाही, प्रकाश स्वतः वाढवतो. त्यासाठी त्याला मिसरा कळावा लागतो. आमच्याकडे हे काम बहुधा साउंडवाल्याचा एखादा पोरगाच करतो. त्याची मजुरी बिलात वेगळी लिहीत नाहीत, साउंडच्या भाड्यातच धरतात.