ॲमरिलिस : नाव आणि कंद

नागपुरात चैत्राचे ऊन तापू लागले की गॅलरीतल्या कुंडीत लाल कर्ण्यांसारखी फुले उमलतात. माळी त्यांना ‘लिली’ म्हणतो, पुस्तके ‘ॲमरिलिस’. शास्त्राला दोन्ही नावे अमान्य आहेत.

ॲमरिलिस ही व्हर्जिलच्या गोपगीतांतली प्रिया. पहिल्याच गीतात टिटिरस सावलीत बसून तिचे गाणे आळवतो. जमीन हिरावली गेलेला मेलिबियस त्याचा निरोप घेतो. लिनियसने १७५३ च्या ग्रंथात हे नाव फुलाला दिले. पण ते फूल दक्षिण आफ्रिकेचे की दक्षिण अमेरिकेचे, यावर पुढे दीर्घ वाद झाला. विल्यम हर्बर्टने १८२१ साली अमेरिकी कंदांना ‘हिप्पिॲस्ट्रम’ म्हटले. १९८७ च्या बर्लिन परिषदेत ‘ॲमरिलिस’ हे नाव आफ्रिकी फुलाकडे राहिले. आपल्या कुंडीतला कंद अमेरिकी वंशाचा, म्हणजे नावालाही मुकलेला.

युरोपात तो नाताळसाठी उबदार खोलीत फुलवतात. आपल्याकडे ऋतूच ते काम करतो. फुले सरल्यावर दांडा कापावा, पाने कधीही नाही. पुढची कळी पानांनी साठवलेल्या अन्नावरच कंदात घडते. पावसाळाभर ऊन आणि खत द्यावे, हिवाळ्यात आठ-दहा आठवडे पाणी तोडावे. कंदाचा माथा मातीबाहेर असावा.

आपण कधी परतू का, हा मेलिबियसचा प्रश्न गीतात अनुत्तरितच राहतो. चुकीचे म्हणून हे नाव टाकले, तर त्यामागचा तो प्रश्नही विसरला जाईल. वर्गात शिकवताना मी म्हणूनच दोन्ही नावे सांगतो.