बिनशिक्क्याचा विळा

जुनी हत्यारं घ्यायची म्हटलं की मुंबईकर चोरबाजारात मटण स्ट्रीटला जातो आणि पुणेकर जुन्या बाजारात. मला मात्र डहाणू रोडच्या बाजारातली भंगाराची पथारी जास्त आवडते. एकतर २०१३ पासून चर्चगेटहून थेट लोकल आहे (खिडकी मिळाली तर पैसे वसूल!), आणि दुसरं म्हणजे तिथल्या ढिगात रेल्वेचा माल आणि आसपासच्या पाड्यांवरचा माल एकमेकांत मिसळून पडलेला असतो. मागच्या खेपेला तीन वस्तू उचलल्या: एक पाना, एक ताणकाटा आणि एक विळा. तिन्हींची मिळून किंमत एका पिझ्झापेक्षा कमी. घासाघीस केलीच नाही, काकांनाच वाईट वाटलं असावं.

पाना सगळ्यात सोपा. तारेच्या ब्रशने गंज काढला आणि दांड्यावर अक्षरं दिसली, बी. बी. अँड सी. आय. म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. डहाणूवरून जाणारी ही लाईन याच कंपनीची. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती इतर काही रेल्वेंबरोबर पश्चिम रेल्वेत विलीन झाली, म्हणजे पाना त्याच्या आधीचा. आपल्या भाषेत सांगायचं तर शिक्का म्हणजे व्हर्जन नंबर. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की तो पाना कधी बनला हे सांगतो, कधीपर्यंत वापरला ते नाही. कंपनीचं नाव बदललं म्हणून कुणी पाने फेकून देत नाही.

ताणकाट्याच्या पितळी पट्टीवर साल्टर हे नाव आहे. वेस्ट ब्रॉमविचची ही इंग्लिश कंपनी, अख्ख्या जगाला काटे विकणारी. खुणा पौंडांच्या. आपल्याकडे वजनमापांचा कायदा झाला १९५६ मध्ये आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आले. तेव्हा हाही त्याच्या अलीकडचा नसावा.

आता विळा. याच्यावर काही म्हणजे काहीच नाही. ना नाव, ना गाव. गावच्या लोहाराला शिक्क्याची गरजच नसते, कारण गिऱ्हाईक आणि तो एकमेकांना ओळखतात. मग ओळखायचं कसं?

आधी लोखंड बघायचं. हल्लीचे बरेच कोयते ट्रकच्या पाट्याचे असतात. जाडी सगळीकडे सारखी, क्वचित बोल्टचं अर्धं भोकही सापडतं, आणि मग वयाचा प्रश्नच मिटतो. ट्रक आल्यावरचा तो. जुनं घडीव लोखंड गंजलं की त्यात लाकडासारखे रेषे दिसतात. ग्राइंडरला लावलं तर त्याच्या ठिणग्या लांब आणि सरळ उडतात. पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. (हे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकलो होतो. तिथलं बाकी काही आठवत नाही.) माझ्या विळ्याची पाठ रेषेवाली निघाली, पण धारेकडे ठिणग्या फुटल्या. म्हणजे साध्या लोखंडाला पोलादाची पट्टी जोडून, पाणी पाजून केलेला. महागडं पोलाद फक्त लागेल तिथेच. लिंबू चोळून ठेवलं तेव्हा जोडाची रेघही दिसली.

मग दाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याचे दाते एकसारखे असतात. इथे ते लहानमोठे आहेत, हाताने काढलेले. धार एकाच बाजूने लावलेली, त्यावरून तो उजव्या हाताचा. पातं मधोमध झिजून अरुंद झालंय. मूठ मूळची नाही, नवी बसवलीय, आणि तिलाही अंगठ्याचा खळगा पडलाय. थोडक्यात, विळा बनवला कुणी ते कळत नाही, पण राबवला किती ते कळतं.

आणि डहाणू-तलासरीत विळा कशासाठी राबायचा? भातासाठी, आणि गवतासाठी. मुंबईचे घोडे आणि तबेले इथल्या गवतावर जगत होते. गवत सावकार-जमीनदारांचं, कापणारे वारली. वेठबिगारी होतीच, लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून जन्मभर राबणारे 'लग्नगडी'ही होते. २३ मे १९४५ ला झरी गावात किसान सभेच्या परिषदेत शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर हजारो वारल्यांनी वेठ बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी पावसाळा संपला आणि गवतकापणीचा संप झाला. मागणी एकाच ओळीची: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये.

अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, म्हणजे ४८० पै. भागिले ५००. एका पौंडाला जेमतेम एक पै! आणि ही वाढवून *मागितलेली* मजुरी. सव्वादोनशे किलोहून जास्त गवत कापायचं, तेव्हा कुठे अडीच रुपये.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. संप मात्र मोडला नाही आणि बहुतेक मालकांना तो दर मान्य करावा लागला. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं लिहिलं. वाचलं नसेल तर आधी ते वाचा, हा ब्लॉग नंतर.

मराठीत 'हत्यार' हा शब्द सुताराच्या पटाशीलाही चालतो आणि तलवारीलाही. कमरेच्या आकडीला कोयता अडकवल्याशिवाय इथला माणूस रानात जात नाही. शेजाऱ्याला त्यात काही दिसत नाही, पण बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला तोच माणूस सहज हत्यारबंद वाटू शकतो.

माझा विळा १९४५ चा आहे असा दावा मी करणार नाही. घडणीवरून तसा असू शकतो, एवढंच. तो गवताचा की भाताचा, हे पथारीवरच एका म्हाताऱ्या आजींना विचारलं. त्यांनी तो हातात घेतला, हवेत एकदा ओढून बघितला आणि म्हणाल्या, दोन्हीचा. घरात एकच असायचा.