सूड घेणारं मांजर

आपल्याकडे मांजर आडवं गेलं की माणूस क्षणभर थांबतो आणि पुन्हा वाटेला लागतो. अपशकुनापलीकडे त्याची मजल सहसा जात नाही. जपानमध्ये मात्र मांजर सूड उगवतं. रूप पालटणारं हे मांजर म्हणजे 'बाकेनेको'. त्याचा माग काढत गेलं की भुताखेतांपेक्षा माणसांनी माणसांवर केलेला अन्यायच जास्त हाती लागतो.

सुरुवात रानातली आहे. 1233 साली कवी फुजिवारा नो तेइकाने आपल्या रोजनिशीत नारा इथल्या 'नेकोमाता' नावाच्या श्वापदाची वार्ता टिपली. मांजराचे डोळे, मोठ्या कुत्र्याएवढं धूड आणि एका रात्रीत कित्येक माणसांचा बळी, अशी ती वार्ता होती. पुढे एदो काळात हे भय घरात शिरलं. गरिबाघरी माशाच्या स्वस्त तेलाचे दिवे जळत. ते तेल चाटायला मांजर मागच्या पायांवर उभं राहिलं की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होई. म्हाताऱ्या मांजराची शेपटी दुभंगते आणि ते माणसाचं रूप घेतं, असा समज पसरला. चित्रकार तोरियामा सेकिएनने 1776 च्या चित्रसंग्रहात त्याला भुतांच्या पंगतीत बसवलं.

पण मांजराला सुडाचं कारण मिळालं ते क्युशू बेटावरच्या सागा संस्थानात. तिथली सत्ता र्‍युझोजी घराण्याची. 1584 साली र्‍युझोजी ताकानोबु लढाईत पडला आणि कारभार त्याचा सरदार नाबेशिमा नाओशिगे याच्या हातात गेला. ताकानोबुच्या घराण्याचा नामधारी वारस उरलेल्या ताकाफुसाने 1607 मध्ये बायकोला मारून स्वतःवर शस्त्र चालवलं. त्याच वर्षी तो गेला आणि नाबेशिमा घराणं उजळ माथ्याने गादीवर आलं. लोक हे विसरले नाहीत.

त्यातून रचलेली कथा अशी: नाबेशिमांचा दुसरा अधिपती मित्सुशिगे 'गो' या पटावरच्या खेळाच्या डावात चिडून र्‍युझोजींच्या वंशजाला ठार करतो. मारल्या गेलेल्याची आई आपलं दुःख पाळलेल्या मांजरापाशी बोलते आणि जीव देते. मांजर तिचं रक्त चाटतं आणि वाड्यात शिरतं. रात्रीमागून रात्री ते मित्सुशिगेला छळतं. शेवटी एक निष्ठावंत सेवक त्याला मारतो. मित्सुशिगे खरा, मांजर कल्पित. पण ज्या म्हातारीला दाद मागायला दरबार नाही, तिचं गाऱ्हाणं मांजर चालवतं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला सत्ता म्हणजे काय ते पुरतं कळलेलं होतं. 1853 मध्ये ही कथा काबुकी रंगमंचावर यायची होती, पण सागाच्या तक्रारीवरून प्रयोग थांबला. अडीचशे वर्षं उलटूनही एका मांजराची धास्ती घेणारं राज्यकर्तं घराणं मला कथेइतकंच बोलकं वाटतं.

पडद्यावर बाकेनेको लवकर आली, आणि ती बहुधा बाईच्या रूपात आली. 1930 च्या दशकात सुझुकी सुमिको ही नटी अशा भूमिकांनी गाजली. 1953 पासून दाइएइ कंपनीच्या चित्रपटांत इरिए ताकाको आली. ती सरदारघराण्यातली, दिग्दर्शक मिझोगुचीची 1933 सालची नायिका. आजारपणानंतर नायिकेची कामं आटली, तेव्हा तिने मांजराचं सोंग घेतलं. या चित्रपटांतला हुकमी प्रसंग बघण्यासारखा असतो. बाकेनेको लांबूनच पंजा हलवते आणि तिच्या तालावर समोरची दासी कोलांट्या खाते, फरपटते, पुन्हा उठते. मांजर उंदराला खेळवतं तसं. ते काबुकीचं देणं आहे. 'भूत-मांजर नटी' म्हणून इरिएला हिणवलं गेलं. मला तो अन्याय वाटतो, कारण अपमान गिळलेल्या बाईचा संताप ती त्या मुखवट्यातूनही दाखवते.

1968 साली दिग्दर्शक कानेतो शिंदोने 'कुरोनेको' हा चित्रपट काढला आणि सगळा पसारा बाजूला सारून मूळ गाभा उचलला. सामुराईंची टोळी शेतावरच्या झोपडीत शिरते, सासूसुनेवर अत्याचार करते, घर पेटवते. काळं मांजर येऊन प्रेतांचं रक्त चाटतं. मग त्या दोघी भुतं होऊन परततात आणि वाटेवरच्या सामुराईंना घरी नेऊन त्यांचे गळे फाडतात. आणि एक दिवस समोर येतो तो युद्धावरून सामुराई होऊन परतलेला एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा. इथे वाडा नाही, संस्थानाची गादी नाही. सुडाचा हक्क थेट शेतकरी बायकांचा आहे. बाकेनेकोच्या सगळ्या वंशावळीत याच्या तोडीचा चित्रपट मला दुसरा दिसत नाही. कृष्णधवल आहे, पावणेदोन तासांच्या आतला आहे. जरूर बघा, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर बघा.