बॅज नंबर आणि नाव

सौदी अरेबियात कामाच्या पहिल्या दिवशी नव्या सहकाऱ्यांना इंग्रजीतून आपली ओळख सांगायची, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कुठून, हे कुणी विचारत नाही. देश अरबांचा, कायदा अरबीत, सरकारदरबारी कागदपत्रं अरबीत. तरीही कारखान्याच्या फाटकाशी पहाटे जमलेला खेडचा फिटर, मनिलाचा वेल्डर, अल-हसाचा ऑपरेटर आणि कैरोचा इंजिनिअर एकमेकांना नाव सांगतात ते इंग्रजीत. मी जुबैलला पाइप फिटर म्हणून लागलो आणि क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत किती जणांना ओळख सांगितली आणि किती जणांची ऐकली याची गणती नाही. या रीतीत आमच्या कोकणातल्या माणसांचाही वाटा आहे. तो मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात जुबैलपासूनच करायला हवी. २३ सप्टेंबर १९३३ ला रॉबर्ट मिलर आणि स्कायलर हेन्री हे दोन अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ बहरीनहून येऊन या किनाऱ्यावर उतरले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जेद्दाला राजा अब्दुलअझीझच्या सरकारशी कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा करार झाला होता. जुबैल तेव्हा मासे आणि मोत्यांवर जगणारं लहानसं बंदर. दोघे दाढी वाढवून, अरबी पोशाख करून आले. वाळवंटात वाट दाखवायला पुढे त्यांना अजमान टोळीतला खमीस बिन रिम्थान मिळाला. त्याचं नाव आज एका तेलक्षेत्राला आहे. त्या पहिल्या दिवसांत ओळख अरबीतून व्हायची, अरबांच्या रीतीने व्हायची, आणि भाषेची अडचण असेल तर ती पाहुण्याची असायची.

मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीने तेल दिलं, १ मे १९३९ ला रास तनुराहून पहिलं तेलवाहू जहाज निघालं, आणि हे सगळं उलटलं. धाहरानच्या टेकडीवर अमेरिकी वसाहत उभी राहिली. बायका आल्या, मुलं आली. कंपनीचे कागद, नकाशे, पाट्या, पगाराची वही, सगळं इंग्रजीत चालू झालं. आता भाषा शिकण्याचं ओझं स्थानिक कामगारावर आलं. १९४० मध्ये कंपनीने अल-खोबरला इंग्रजीचे वर्ग सुरू केले, मग धाहरानला जबल शाळा निघाली. त्या शाळेत शिकलेला एक मुलगा म्हणजे अली अल-नइमी. मोठा भाऊ वारल्यावर त्याच्या जागी तो १९४७ मध्ये, बारा वर्षांचा असताना, कंपनीत ऑफिस बॉय म्हणून लागला. १९८४ मध्ये तोच कंपनीचा पहिला सौदी अध्यक्ष झाला आणि १९९५ पासून २०१६ पर्यंत देशाचा तेलमंत्री होता. बेदू कुटुंबातल्या मुलाने परक्या भाषेत स्वतःचं नाव सांगण्यापासून सुरुवात करून कुठवर जावं, याचं एवढं मोठं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

यात मुंबई कुठे आली? अगदी पहिल्यापासून. इंग्रजांच्या कचेऱ्या, बँका, बोटी यांच्यामुळे आखाताच्या बंदरांत मुंबईचा कारकून आणि मुंबईचा कारागीर शंभर वर्षं परिचयाचा होता. शेजारच्या बहरीन, कुवेत, कतारमध्ये तर भारताचा रुपयाच चालत असे. सौदी सरकारच्या करारात होईल तितके सौदी लोक कामावर घ्यावेत अशी अट होती, पण इंग्रजीत हिशेब लिहिणारा, टंकलेखन करणारा, बॉयलर आणि लेथ जाणणारा माणूस तिथे तयार व्हायला वेळ लागणार होता. १९४४ मध्ये कंपनीचं नाव अरेबियन अमेरिकन ऑइल कंपनी, म्हणजे आरामको झालं. १९४५ मध्ये रास तनुराची रिफायनरी चालू झाली. तिच्या बांधणीसाठी इरिट्रियातून इटालियन कारागीर आले, आणि भारतातून कारकून आणि मिस्त्री आले.

माझे मोठे चुलते त्यांतले. बोटीच्या इंजिनखोलीत काम केलेला माणूस, रास तनुराला फिटर म्हणून गेले. ते सांगत, की कामावर गेल्यावर आधी नंबर सांगायचा, मग धंदा, आणि कुणी विचारलंच तर नाव. नंबर बॅजवर असे. पगार नंबरावर, जेवण नंबरावर, दवाखाना नंबरावर. हे त्यांनी तक्रार म्हणून कधी सांगितलं नाही. एकाच टोळीत मोहम्मद आणि अली किती तरी असत, आणि अमेरिकी फोरमनला ते वेगळे ओळखता येणं कामासाठी गरजेचं होतं. तरीही माणूस आधी आकड्याने ओळखला जावा ही गोष्ट मला लहानपणी ऐकताना लागली होती, आणि आजही लागते.

कोण कुणाला ओळख सांगणार, हेही वस्तीवरून ठरलेलं होतं. अमेरिकी लोक कुंपणाच्या आतल्या गार हवेच्या घरांत, इटालियन आणि भारतीय त्यांच्या वेगळ्या छावण्यांत, आणि सौदी कामगार सुरुवातीला खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्यांत. ज्याच्या देशाचं तेल, त्यालाच सगळ्यांत वाईट घर. ऑक्टोबर १९५३ मध्ये तेरा हजारांच्या आसपास सौदी कामगार संपावर गेले ते पगारासाठी, घरांसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी. १९५६ मध्ये पुन्हा संप झाला आणि त्यानंतर संपावर बंदी आली. पण पुढच्या काळात घरं सुधारली, शिक्षण वाढलं, सौदी माणूस वरच्या जागांवर जाऊ लागला. माझ्या वेळी सौदी सुपरवायझर हात पुढे करून स्वतःचं नाव आधी सांगत असे. त्या हातामागे १९५३ चे ते संपकरी आहेत, असं मी मानतो.

आता एक गोष्ट जी मला फार मोलाची वाटते. १९४८ मध्ये आरामकोत जर्सी स्टँडर्ड आणि सोकोनी-व्हॅक्यूम या दोन कंपन्या भागीदार झाल्या. याच दोघींची मिळून स्टॅनव्हॅक ही कंपनी होती, आणि तिने १९५४ मध्ये आपल्या ट्रॉम्बेला रिफायनरी चालू केली. पुढच्याच वर्षी बर्मा-शेलची आली. म्हणजे रास तनुरात जे फ्लँज, गॅस्केट, स्पूल, व्हॉल्व्ह, तेच चेंबूर-माहुलच्या पोरांच्या तोंडी. ज्याला इंग्रजीत दोन वाक्यं जोडता येत नव्हती त्यालाही कामाचं इंग्रजी पक्कं येत होतं. वेल्डर नुसतं ‘सिक्स-जी’ म्हणाला की समोरच्याला कळायचं, हा माणूस पंचेचाळीस अंशांत तिरका धरलेला पाइप चहूबाजूंनी जोडू शकतो. ओळखीची बाकीची वाक्यं तिथेच अनावश्यक व्हायची.

१९७३ च्या ऑक्टोबरात तेलाची निर्यातबंदी झाली, भाव काही महिन्यांत चौपटीजवळ गेले, आणि त्या पैशातून १९७५ मध्ये जुबैल आणि यान्बू इथे औद्योगिक शहरं उभारायला शाही आयोग नेमला गेला. वर्षभरात साबिक ही सरकारी रसायन कंपनी स्थापन झाली. जुबैलच्या औद्योगिक बंदराचं कंत्राट १९७६ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईला मिळालं. तोवर इंग्रजी ही एका बाजूची तरी मातृभाषा होती. आता कोरियन फोरमन, थाई स्कॅफोल्डर, फिलिपिनो इलेक्ट्रिशियन, तुर्की क्रेनवाला, आणि आम्ही. कुणाचीच ती भाषा नव्हती. माझ्या मते सौदीतल्या आजच्या ओळखीची घडी त्या काळात बसली. वाक्यं आखूड झाली, आणि त्यात चारच गोष्टी उरल्या: नाव, धंदा, देश, अनुभव.

मी १९८३ मध्ये गेलो. गिरणी संपाने लालबाग-परळ कोसळलं होतं, आणि मुंबईत एजंटांच्या दारांत कोकणातल्या, घाटावरच्या पोरांच्या रांगा होत्या. त्याच वर्षी नवा उत्प्रवास कायदा झाला. पासपोर्टवर उत्प्रवास मंजुरीचा शिक्का हवा की नको, हे शिक्षणावर ठरू लागलं. मी मराठी शाळेत शिकलेला. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, पहिलीपासून ते २००० साली आलं. व्याकरण येत होतं, बोलायचा सराव नव्हता. ट्रेड टेस्टआधी एजंटाच्या कचेरीतले एक वयस्क गृहस्थ आम्हाला ओळीने उभं करून म्हणायला लावत: गुड मॉर्निंग सर, माय नेम इज अमुक, आय ॲम पाइप फिटर, फोर इयर्स एक्सपीरियन्स, माझगाव डॉक. ‘आवाज पोटातून काढा, जमिनीकडे बघू नका,’ एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

जुबैलचा आमचा पहिला कामाचा दिवस शनिवार. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे. ती शुक्रवार-शनिवार झाली २०१३ मध्ये. पहाटे टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीची सुरक्षेची बैठक. नव्या माणसाने पुढे येऊन ओळख सांगायची. मक्तबात कुराण वाचायला शिकल्यामुळे भोवतालच्या अरबी पाट्यांची अक्षरं मी वाचू शकत होतो, पण बोललेलं कळत नव्हतं. इंग्रजी वाचता येई, बोलणं अडखळे. कोरियन फोरमनचं आणि माझं इंग्रजी सारखंच तुटपुंजं, त्यामुळे आमचं लवकर जमलं.

नावाचा प्रश्न मात्र सगळ्यांचाच होता. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सौद्यांकडे त्यात आजोबाही येतात. या बाबतीत आपण आणि ते एकमेकांना चटकन समजतो, कारण बापाचं नाव लावल्याशिवाय माणूस पुरा होत नाही हे दोघांनाही पटलेलं असतं. अमेरिकी फॉर्ममध्ये मात्र बापाचं एक अक्षर व्हायचं. अरबीत प नाही, ट नाही, म्हणून इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, पारकरचा बारकर आणि पाटीलचा बातील होई. कामावर लोक हाक मारतील ती वेगळी. नाव न विचारता ‘रफीक’, म्हणजे सोबती, म्हणणारेही भेटले, आणि ओळख वाढल्यावर थोरल्या मुलाच्या नावाने ‘अबू अमुक’ म्हणून मान देणारे सौदी शेजारीही भेटले. फिलिपिनो मंडळी सगळ्यांना सर म्हणत.

हे नुसतं मानापमानाचं नाही. बंद टाकीत उतरणाऱ्याचं नाव आणि बॅज नंबर दारावरच्या वहीत लिहिला जातो. वर येताना खोडला जातो. गॅस सुटला तर त्या वहीवरून माणसं मोजतात. वर्क परमिट, म्हणजे काम सुरू करण्याआधीचा लेखी परवाना, घेणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, ती उगाच नाही: परमिट देणारा सौदी ऑपरेटर आणि घेणारा फोरमन यांना एकमेकांचं बोलणं स्पष्ट कळलं नाही तर उघडू नये तो व्हॉल्व्ह उघडतो. मी इन्स्पेक्टर झाल्यावर नव्या पोरांना बाजूला घेऊन हेच शिकवत आलो. पूर्ण नाव सांग, सावकाश सांग, समोरच्याने चुकीचं म्हटलं तर नम्रपणे दुरुस्त कर.

गेल्या वीस वर्षांत चित्र पुन्हा फिरलं. २००५ मध्ये राजा अब्दुल्लाच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि हजारो सौदी मुलंमुली अमेरिकेत शिकून आली. २०१६ नंतर तर कंट्रोल रूममध्ये, प्रयोगशाळेत, सुरक्षा विभागात सौदी मुली दिसू लागल्या. माझ्या शेवटच्या वर्षांत एका बैठकीत तरुण सौदी इंजिनिअर मुलगी उभी राहिली, स्वतःचं पूर्ण नाव, विद्यापीठ, विभाग सांगितला आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून नाव विचारलं. तिचं इंग्रजी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. जबल शाळेतल्या त्या मुलांची ही नात म्हणायची. मला तिचा अभिमान वाटला.

रत्नागिरी-रायगडच्या आयटीआयमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पोरांना वेल्डिंगबरोबर हेही शिकवा. आठवड्यातून एक तास वर्गासमोर उभं राहून प्रत्येकाने नाव, गाव, धंदा, अनुभव इंग्रजीत सांगावा. गाव वगळू नका. आमच्या पिढीने ते वगळलं, कारण खेड आणि दापोली कुणाला माहीत असणार असं आम्हाला वाटे. सांगितलं असतं तर माहीत झालं असतं.

आणि वाचकांना एक. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड इथल्या कित्येक घरांत ट्रंकांच्या तळाशी जुने बॅज, करारपत्रं, इकामे, बोटीची तिकिटं, टूलबॉक्सच्या वह्या पडून आहेत. म्हातारी माणसं गेली की मुलं ते रद्दीत टाकतात. टाकू नका. त्यावरचं नाव, साल, बंदर, धंदा उतरवून घ्या, जे हयात आहेत त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. रास तनुराची आणि जुबैलची ही बाजू कंपन्यांच्या दप्तरात सापडणार नाही. ती आपल्याच घरात आहे, आणि ती लिहिणंही आपलंच काम आहे.